पेटीतले पाच लाल मासे

मासा या प्राण्याशी माझा संबंध आला तो वयाच्या तेविसाव्या वर्षी, आणि तोही साहेबाच्या हुकमाने. त्याआधी मासा म्हणजे मला नुसता वास ठाऊक होता. ठाण्यात कोपरीच्या बाजूने वारा सुटला की आई खिडकी लावून घ्यायची आणि मी नाकाला उपरणं लावून कचेरीची वाट धरायचो. माशाला डोळे असतात, स्वभाव असतो, भूक लागली की तोही आपल्यासारखाच कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरात तो विषयच निघत नसे.

कचेरीत मी उमेदवार होतो. हल्लीच्या पोरांना उमेदवार म्हणजे काय ते सांगावं लागतं. कारकुनाचं सगळं काम करायचं, शिव्या कारकुनाच्या दुप्पट खायच्या, आणि पगार तेवढा घ्यायचा नाही, याला उमेदवारी म्हणत. एखादा म्हातारा कारकून घरी बसला किंवा देवाघरी गेला की मग आपली वर्णी. तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या खोकल्याकडे कान लावून बसलो होतो. खोकला बरा झाला की मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं याची लाजही वाटायची. माणूस असा होतो, काय करणार.

घाई मला एकाच गोष्टीची होती. माझं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती आणि बायको अजून कल्याणला माहेरी होती. सासरे निवृत्त पंतोजी. उभा जन्म पोरांना छड्या मारण्यात गेलेला, त्यामुळे बोललेला शब्द खोडायची त्यांना सवय नव्हती. "जावईबापूंची नोकरी कायम झाली की दुसऱ्या दिवशी मुलगी पाठवतो. तोवर नाही," असं त्यांनी आमच्या आईला तोंडावर सांगितलं होतं. कल्याणात आळीतल्या बायका तिला विचारायच्या, "काय गं, सासरचे विसरले का तुला?" हे मला आईकडून कळायचं आणि मी भरल्या पानावरून उठायचो. तिला मी सणासुदीला चारपाचदा पाहिलेलं, तेही चौघांच्या घोळक्यात. पण माझ्यापायी तिला कोणी बोलतंय, हे मला सहन होत नसे.

तर त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या कचेरीत एक पेटी आली. दोन हात लांब, हातभर रुंद, लोखंडी चौकट आणि चारी बाजूंना काच. साहेबांच्या मडमबाई दिवाळीच्या सुमाराला विलायतेहून यायच्या होत्या आणि त्यांना जिवंत मासे बघायची हौस होती. पेटीत रेती घालायची, पाण्यातली झाडं लावायची, गोडं पाणी भरायचं आणि आत मासे सोडायचे. तिकडे म्हणे घरोघरी हे वेड लागलं होतं. साहेब स्वतः चार महिने पुण्याकडे जाणार होते. परत येईपर्यंत पेटी तयार पाहिजे.

साहेब मराठी शिकले होते एका शास्त्रीबुवांकडून, त्यामुळे ते नको तितकं शुद्ध बोलत. त्यांनी सगळ्या कचेरीला उभं केलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी मत्स्यभक्षण कोण करीत नाही?"

आता कचेरीत मासे खाणारे पुष्कळ होते. आमचे शिरस्तेदार तर माशाचं नाव काढलं तरी डोळे मिटून घ्यायचे. मला वाटलं, न खाणाऱ्याला या भानगडीतून सूट असेल. मी लगबगीने हात वर केला.

"तर मग तू निवड करशील," साहेब म्हणाले. "जो मत्स्य भक्षण करतो, त्याची दृष्टी लोभी असते. तो स्वादिष्ट मत्स्य निवडील. तू निर्लोभ आहेस."

शिरस्तेदारांनी खोकल्याचं निमित्त करून हसू गिळलं. मी तोंड उघडणार, तोच साहेबांनी पुढचं वाक्य टाकलं. हे काम नीट झालं तर दिवाळीला रिकामी होणारी जागा माझी. मी उघडलेलं तोंड मिटलं आणि मान हलवली. आयुष्यात मी इतक्या मूर्खपणाच्या कामाला इतक्या आनंदाने हो म्हटलेलं नाही.

साहेबांनी एका कागदावर नियम लिहून दिले. मासा अंगठ्याहून मोठा नसावा. त्याने वनस्पती खाऊ नये. त्याने दुसऱ्या माशास खाऊ नये. काही वर पोहणारे, काही मध्ये, काही तळाशी असे असावेत. आणि सर्व मिळून शोभिवंत दिसावेत. सोबत एक चित्रांचं बुकही दिलं, पण त्यातले मासे सगळे विलायतेचे. ते ठाण्याच्या डबक्यात कुठून मिळणार, हे विचारायची सोय नव्हती.

कागद मी घरी आईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "झाड खायचं नाही, मासा खायचा नाही, मग त्या मुक्याने खायचं काय?"

"तेच मला कळत नाही."

"भात घाल," ती म्हणाली. तिच्या लेखी प्रश्न मिटला. मग जरा वेळाने म्हणाली, "सून घरात यायची असेल तर मासेही येऊ देत. पण माझ्या सोवळ्याच्या वाटेत नकोत."

दुसऱ्या दिवशी मी कोपरीला गेलो. स्टेशनाच्या पलीकडे वस्तीच्या तोंडाशी एक आगरीण बसायची. आठ महिने ती मिठागरात राबायची. पावसाळ्यात मिठागरं बंद, तेव्हा शेताच्या बांधाला बांबूची टोपली लावून त्यात येतील ते मासे विकायची. वय आईएवढं, आवाज पोलीस हवालदाराचा. मी चार पावलं लांब उभा राहून उपरण्यातून विचारलं, "बाई, शांत स्वभावाचे मासे आहेत का?"

तिने मला पायापासून शेंडीपर्यंत पाहिलं. "भाजल्यावर सगलेच शांत, भटा."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मला खायचे नाहीत, नुसते बघायचे आहेत, हे तिला पटवण्यात माझी अर्धी सकाळ गेली. तिला ते शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. चोरून खाणारे बरेच येत असावेत, कारण तिने अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, "लाजू नको. मी कोनाला सांगनार नाय." माझं डोकं फिरलं. पण जागा तिच्या हातात होती, निदान मासे तरी होते.

शेवटी तिने एका मडक्यात दहा-बारा जीव घालून दिले. सगळे बोटाच्या दोन पेरांएवढे. काहींच्या डोक्यावर चांदीचा ठिपका होता, ते सारखे वरच्या पाण्यात. काही रुपेरी, शेपटीजवळ काळा डाग, ते घोळक्याने मध्ये. आणि दोनतीन पट्ट्यापट्ट्यांचे, मिशीवाले, तळाशी तोंड खुपसून बसणारे. माझ्या नियमांत तंतोतंत बसत होते. "मरक्यातच ठेव," ती ओरडून म्हणाली. मी मान हलवली.

पेटीतली झाडं अजून लावायची होती, म्हणून रात्रभरासाठी मासे घरी आणले. पण आगरणीचं मडकं घरात आणायचं कसं? आई दारातच आडवी आली. मग तिनेच तोड काढली. आमचं तांब्याचं घंगाळ तिने चिंचेने आणि राखेने घासघासून असं लख्ख केलं की त्यात माझा चेहरा दिसावा. मासे त्यात ओतले, मडकं फोडून टाकलं. "आता कसं, स्वच्छ," आई म्हणाली. मासे लाल झळाळीत फिरत होते. मला ते थेट राजवाड्यात ठेवल्यासारखे वाटले.

सकाळी सगळे उताणे तरंगत होते.

आईने जन्मात मुंगी मारली नव्हती आणि आता तिच्या घंगाळात डझनभर प्रेतं. मला आधी तिची समजूत घालावी लागली, मग घंगाळ गाडीतळापलीकडे नेऊन रिकामं करावं लागलं, मग डोक्यावरून आंघोळ. कचेरीला उशीर झाला तो झालाच.

आगरणीला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "तांब्यात? अरे भटा, तांब्याच्या पान्यात कीरासुदा जगत नाय. मी मरक्यात ठेव सांगितला होता ना?" मग तिने दुसरे मासे दिले. या वेळी नीट मोजून चौदा, आणि माझ्यासोबत चालत कचेरीच्या फाटकापर्यंत आली. माझ्यावर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता. तो बरोबरच होता.

झाडांसाठी मी धोतर खोचून मासुंदा तलावात गुडघाभर उतरलो. लांब पात्यांचं पाणगवत, मऊ शेवाळ, एक लहानशी कमळाची मुळी, असं काय काय उपटून आणलं आणि पेटीत लावलं. दोन दिवसांत पाणी निवळलं. चांदीचे ठिपके वर, रुपेरी मध्ये, मिशीवाले खाली. कचेरीतले झाडून सगळे कारकून काम टाकून बघायला आले. मीही बघत राहिलो. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागले होते.

पण गावाला माझी पेटी दिसत नव्हती. गावाला दिसत होतं ते एवढंच, की ब्राह्मणाचा पोरगा उपरण्याखाली मडकं झाकून कोपरीहून येतो, दोनदोनदा येतो, आणि आगरीण त्याला घरचा समजून बोलते. ठाण्यातली बातमी गाडीत बसून कल्याणला गेली. आठवडा झाला नाही तोच सासरे सकाळच्या गाडीने आमच्या दारात उभे.

आत आले नाहीत, पाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही. "जावईबापू," ते म्हणाले, "तोंड उघडा."

मी उघडलं. त्यांनी जवळ येऊन हुंगलं. मग म्हणाले, "हात." हात पुढे केले. हाताला वास येत होताच, सकाळीच पेटीतला कचरा काढला होता. सासरे पायरीवर बसले आणि पगडी काढून मांडीवर ठेवली. आई आतून काकुळतीने सांगत होती, "व्याहीसाहेब, तो सरकारी वास आहे हो." ते ऐकतील तर शपथ.

मी त्यांना हाताला धरून कचेरीत नेलं आणि पेटीपुढे उभं केलं.

तिथे काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ते आधी दुरून बघत होते. मग वाकले. मग नाक काचेला टेकलं. पाव घटका गेली, अर्धी गेली. शेवटी पाठ सरळ करून ते गंभीर आवाजात म्हणाले, "पोहण्यात शिस्त नाही."

त्या दिवसापासून सासरे दर शनिवारी यायला लागले. पेटीची रेती त्यांना पसंत नव्हती. खाडीची रेती खारी, म्हणून त्यांनी आंबिवलीहून नदीची गोडी रेती पोत्यात घालून गाडीने आणली आणि स्वतः सात पाण्यांनी धुतली. माशांची यादी त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली. अनुक्रमांक, वर्णन, स्वभाव, शेरा. स्वभावाच्या रकान्यात ते सांगत, मी लिही: "सालस", "चंचल पण अभ्यासू", "तळाशी असतो, मंदबुद्धी असावा". माझ्या नोकरीची त्यांना माझ्याइतकीच काळजी आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मुलगी घरी ठेवून तेही सुखात नव्हते.

एका शनिवारी ते म्हणाले, "जावईबापू, साहेबांचा शेवटचा नियम वाचा."

"सर्व मिळून शोभिवंत दिसावेत."

"शोभा कुठे आहे? सगळे राखाडी. मुलगी दाखवायची तर आपण रंगीत लुगडं नेसवतो की नाही?"

त्यांना घेऊन मी कोपरीला गेलो. आगरीण शेताच्या बांधावर टोपली सोडवत होती. शेजारच्या डबक्यात आम्हाला एक लाल गोळा दिसला. कुंकवाचा करंडा पाण्यात सांडावा तसा. जवळ जाऊन पाहिलं तर शेकडो चिमुकले मासे, एकेक नखाएवढा, आणि सगळे मिळून वर येत, श्वास घेत, खाली जात. सासरे बांधावरून वाकले. "शिस्त," ते पुटपुटले. "ही शिस्त."

"हे द्या," मी म्हणालो.

"ती नको," आगरीण म्हणाली. "ती पोरां हायत."

"पोरं आहेत हेच उत्तम," सासरे म्हणाले. "लहानपणापासून वळण लावता येतं."

"अवो बाबा, खाली त्यांची माय हाय बसलेली. मोठी झाली का ती..."

"मोठी होईपर्यंत वळण लागलेलं असेल," सासरे म्हणाले. चाळीस वर्षं पोरं शिकवलेल्या माणसापुढे ती काय बोलणार. तिने माझ्याकडे बघितलं. मी सासऱ्यांकडे बघितलं. मग तिने ओंजळीने पाच लाल पोरं काढून मडक्यात टाकली. "मंग मना बोल लावाचा नाय," एवढंच म्हणाली आणि टोपलीकडे वळली.

यादीत चौदावर पाच, एकोणीस झाले. स्वभावाच्या रकान्यात सासऱ्यांनी लिहायला सांगितलं, "उत्तम".

पुढच्या शनिवारी ते जरा घुश्शात होते. पेटीपुढे उपरणं अंथरून बसता बसता म्हणाले, "घरी लाल माशांचं कौतुक सांगितलं, तर बायका काहीबाही बोलायला लागल्या. ब्राह्मणाच्या घरातल्या बायकांना मासे काय कळणार? मी म्हटलं, स्वयंपाक बघा."

मी हसलो. बायकांना काय कळणार, असं मलाही वाटलं.

वळण लावायचं काम सुरू झालं. सासरे बोटातल्या अंगठीने काचेवर तीनदा टकटक करायचे आणि भाताची शितं टाकायचे. बाकीचे मासे धावत यायचे. लाल पोरं मात्र भाताला तोंडसुद्धा लावत नसत. "निग्रही आहेत," सासरे म्हणायचे. पंधरा दिवस गेले, महिना गेला. एवढी निरंकार राहूनही लाल पोरं अंग धरत होती. बोटाएवढी झाली, मग बोटाहून लांब. लाल रंग उतरत चालला, अंगावर मळकट पट्टे उमटले. मला जरा चुकल्यासारखं वाटलं. "पोरपण गेलं, पोक्तपणा आला," सासरे म्हणाले. मी तसाच शेरा लिहिला.

त्याच सुमाराला बाकीचे मासे दिसेनासे व्हायला लागले. पण झाडं इतकी दाट झाली होती की आत कोण आहे नि कोण नाही ते समजतच नव्हतं. सकाळी मोजले तर अकरा. चार दिवसांनी आठ. "लाजतात," सासरे म्हणाले. "पानाआड बसतात." शेऱ्यात आम्ही "पानाआड" लिहीत गेलो. नवरात्र बसलं तेव्हा यादीत बारा जण पानाआड होते. शिरस्तेदार येताजाता पेटीकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, आणि जिभेने टाळूवर चुक असा आवाज करून निघून जायचे. त्यांना सगळं कळलं होतं. पण त्यांची दृष्टी लोभी ठरलेली, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं नाही. मला मात्र एका दुपारी पानांतून एक अर्धी शेपटी तरंगताना दिसली. ती मी बोटाने उचलून रेतीत पुरली. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर ते खरं होईल असं वाटलं.

मग लाल पाच होते त्यांचे तीन झाले. तिनांचे दोन. दसरा उलटून चार दिवस झाले आणि साहेब परतले, मडमांना घेऊनच. जहाज आधी लागलं होतं म्हणे.

कचेरी रांगेत उभी राहिली. तो शनिवार नव्हता, पण सासरे पहाटेच्या गाडीने आले होते. धुतलेली पगडी, खांद्यावर शेला, आणि हातात केळीच्या पानात शितं. जावयाची नोकरी कायम होताना बघून, लगेच पुढच्या गाडीने परत जाऊन मुलीची तयारी करायची, असा त्यांचा बेत होता. ते खांबाजवळ उभे राहिले.

पेटी सुंदर दिसत होती. पाणी नितळ, पाती वळणदार, कमळाला एक कळी. आणि मधोमध, कोणाचीही भीडभाड न ठेवता, एकच मासा. वितीला थोडा कमी. तोंड सापासारखं, अंग गोल गरगरीत. तो काचेला चिकटून मडमांकडे बघत होता.

साहेबांनी यादी वाचली. पान उलटलं, परत पहिल्यापासून वाचली. "येथे एकोणीस मत्स्य लिहिले आहेत," ते म्हणाले. "मी एक पाहतो. शेष अठरा कोठे आहेत?"

"त्याच्यात आहेत, साहेब," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. शिरस्तेदारांचे खांदे तेवढे हलत होते. मडमांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं, साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "हा मत्स्य कोणी निवडला?"

मी खांबाकडे पाहिलं. सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पानातली शितं खाली सांडत होती आणि त्यांना भान नव्हतं. मला सगळं झरझर दिसलं. सांगितलं की साहेब, या म्हाताऱ्या गृहस्थांनी निवडला, मी नको म्हणत होतो, तर साहेब हसतील, म्हाताऱ्याचा वेडेपणा म्हणतील, आणि माझी जागा कदाचित राहील. जागा राहिली तर ती येईल. पण भर कचेरीत त्यांच्यावर बोट दाखवलं असतं, तर हा माणूस परत मान वर करून ठाण्यात येऊ शकला नसता. आणि मी नको म्हणत होतो, हेही काही खरं नव्हतं.

"मी निवडला," मी म्हणालो.

साहेबांनी यादीची घडी केली. "ज्यास भक्षक कोण आणि भक्ष्य कोण हे समजत नाही," ते म्हणाले, "त्यास या कचेरीत ठेवणे योग्य नाही."

झालं. तीन वर्षांची उमेदवारी उभ्या उभ्या संपली. पेटी रिकामी करायचं कामही मलाच सांगितलं. सासरे कधी निघून गेले ते मला दिसलं नाही. खांबाजवळ नुसतं केळीचं पान पडलं होतं. मी तो मासा मडक्यात घालून मासुंदा तलावावर नेला आणि पाण्यात सोडला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मी पायरीवर बसून रडलो. माझ्या नोकरीसाठी रडलो, तिच्यासाठी रडलो, आणि त्या चांदीच्या ठिपक्यांसाठीही थोडा रडलो.

घरी आईने भात वाढला, आणि मला तो भात बघवेना.

आठ दिवसांनी दुपारी दारात बैलगाडी थांबली. आधी सासरे उतरले, मग एक पत्र्याची पेटी, मग मान खाली घातलेली माझी बायको. आई धावत बाहेर आली आणि गोंधळून म्हणाली, "व्याहीसाहेब, अहो, नोकरीचं तर..."

"मी नोकरीचं विचारायला आलो नाही," सासरे म्हणाले. "मुलगी आणली आहे." मग पाय धुतले, जेवले, माझ्याकडे न बघता दोन वेळा भात मागून घेतला, आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. माशांचं नाव त्यांनी पुढे हयातभर काढलं नाही.

मला पुढे चार महिन्यांनी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी मिळाली. पोती मोजायची असत. पोती एकमेकांना खात नाहीत, हे मला फार आवडलं. पण सासऱ्यांनी आपला शब्द का खोडला हे कोडं मला वर्षभर सुटलं नाही. त्यांना विचारायची छाती नव्हती. मी खांबाकडे बघूनही निवड माझ्या अंगावर घेतली म्हणून असेल, असं मी मनाशी धरून चाललो होतो आणि थोडा गर्वही करत होतो.

पुढच्या श्रावणात एकदा मी तिच्याबरोबर तलावावर गेलो. आई आजारी होती, धुण्याचं ओझं बरंच होतं. ती पायरीवर लुगडं आपटत होती, मी वर बसून होतो. तेवढ्यात पाण्यात लाल गोळा वर आला, श्वास घेतला, खाली गेला. मी ताडकन उठलो.

"इकडून पाहिलं का?" ती म्हणाली. "मरळीची पिल्लं. आई असेल खाली."

"तुला कसं ठाऊक?"

"कल्याणच्या तलावावर कळायला लागल्यापासून धुणं धुतेय मी. लाल असतात तोवर देखणी दिसतात. मग रंग उतरतो, आणि समोर येईल ते गिळतात. शेवटी एकमेकांना." तिने लुगडं पिळलं. "बाबांना मी पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं, लाल घेतलेत ते परत सोडा म्हणून. ते म्हणाले, स्वयंपाक बघ."

मी विचारलं, "मला का नाही कळवलंस?"

"कोणाच्या हातून कळवणार? ठाण्याला निरोप बाबाच नेत होते."

लाल गोळा पुन्हा वर आला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग हलक्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी बाबा कचेरीतून परत आले, ते जेवले नाहीत. देवापुढे बसून होते. सात दिवस माझ्याशी एक अक्षर नाही. आठव्या दिवशी सकाळी चुलीपाशी येऊन म्हणाले, तुझं सामान बांध. मी विचारलं, नोकरी लागली? तर म्हणाले, नाही, गेली. तू सांगत होतीस ते मी ऐकलं नाही म्हणून गेली. आणि त्याने माझं नाव घेतलं नाही. सामान बांध."